वास गेला म्हणून आत उतरलो

उमरोळी सुटलं की खिडकीजवळचा माणूस कुणी न सांगता काच खाली ओढतो. पुढचं स्टेशन बोईसर. कधी सडक्या अंड्यांसारखा, कधी जळक्या रबरासारखा, कधी गोडसर आणि डोक्यात चढणारा वास डब्यात शिरतो. कुणीतरी "आज काय सोडलंय कुणास ठाऊक" एवढं म्हणतं आणि पत्त्यांचा डाव पुढे चालू होतो. सफाळे, केळवे रोड, पालघर इथून पहिल्या शिफ्टला जाणाऱ्यांना तो घड्याळासारखा झाला आहे. डोळा लागला असला तरी नाक जागं करतं, उठा, उतरायचंय.

मी सफाळ्याच्या पंचक्रोशीत तीसेक वर्षं अकरावी-बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवलं. एडवण-दातिवऱ्यापासून तांदूळवाडीच्या पायथ्यापर्यंतची पोरं. त्यातली बरीचशी पुढे तारापूरच्या एमआयडीसीत लागली. थोडे केमिस्ट झाले, काही ऑपरेटर आणि पुष्कळ जण ठेक्यावर हेल्पर. त्यांतला एक जण काही वर्षांपूर्वी घरी आला. नाव सांगत नाही, कारखान्याचंही नाही. सांडपाण्याच्या टाकीतला गाळ काढायला त्याला आणि आणखी एकाला पाठवलं होतं. झाकण उघडल्यावर घाण वास आला, म्हणून दोघं बाजूला उभे राहिले, तंबाखू मळली. मग वास गेला. हा शिडीवर दोन पायऱ्या उतरला आणि त्याचे गुडघेच गेले. वरच्याने शर्टाची कॉलर धरून ओढला म्हणून तो माझ्या ओटीवर चहा पीत बसला होता.

"सर, वास गेला म्हणून आत उतरलो," तो म्हणाला.

मला जे लागलं ते त्या वाक्यातलं "म्हणून". कारण हा वायू त्याला मीच शिकवला होता. प्रयोगशाळेत किपचं उपकरण असायचं, त्यात फेरस सल्फाइडचे काळे खडे, वरून आम्ल सोडलं की हायड्रोजन सल्फाइड. क्षार ओळखायच्या प्रात्यक्षिकात तो लागायचाच. वहीत मी लिहून द्यायचो: रंगहीन वायू, ओळखण्याची खूण कुजक्या अंड्यांसारखा वास. पोरं तो प्रश्न बरोबर सोडवायची आणि मी पूर्ण मार्क द्यायचो. हाच वायू जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणं बंद होतं, ही ओळ मी कधी लिहून दिली नाही. पुस्तकात नव्हती, परीक्षेत येत नव्हती.

हवेतलं विष "पीपीएम"मध्ये मोजतात, म्हणजे दहा लाखांत एक भाग. आकडा डोळ्यासमोर येत नाही, म्हणून तांदळाचा हिशेब करू. वीस-पंचवीस किलोच्या गोणीत साधारण दहा लाख दाणे असतात. त्या गोणीतला एक खडा म्हणजे एक पीपीएम. हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत माणसाचं नाक इतकं तिखट की शंभर गोण्यांत एक खडा असला तरी बहुतेकांना वास येतो. आपल्या जुन्या कारखाना कायद्यात आठ तासांच्या पाळीसाठी ठरवलेली मर्यादा १० पीपीएम होती, म्हणजे गोणीत दहा खडे. गोणीत शंभर खडे झाले की काही मिनिटांत वासाची नस बधिर होते. वायू तिथेच असतो, उलट वाढत असतो, पण माणसाला वाटतं हवा मोकळी झाली. हजाराच्या आसपास, म्हणजे गोणीत जेमतेम अर्धी मूठ खडे पडले, की एकदोन श्वासांत माणूस कोसळतो. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण पेशीतलं जे विकर तो वापरतं तेच हा वायू अडवून धरतो. भरलेल्या ताटासमोर बसवून हात बांधावेत तसं. श्वास चालवणारं मेंदूतलं केंद्र बंद पडतं.

कारखान्यात हा वायू सहसा मुद्दाम कुणी बनवत नाही, हे आणखी वाईट. गाळ सडला की तो तयार होतो. सल्फाइड असलेल्या सांडपाण्यात आम्लाचं पाणी मिसळलं की तयार होतो, नेमकं किपच्या उपकरणात होतं तेच, फक्त उपकरण गटाराएवढं. ६ जानेवारी २०२२ ला सुरतजवळ सचिनच्या औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात रसायन ओतलं गेलं आणि आसपास झोपलेले ६ कामगार गेले. त्यांचा त्या रसायनाशी काही संबंध नव्हता. ते झोपलेले होते, एवढंच.

टाकीत एक पडला की दुसरा धावतो, त्याच्यामागे तिसरा. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने १९८६ साली बंदिस्त जागांतल्या मृत्यूंचा आढावा घेतला, तेव्हा मेलेल्यांत ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले निघाले. आपल्याकडच्या बातम्या वाचा, वेगळं चित्र दिसणार नाही. मी त्या पोराला विचारलं, कॉलर धरणारा स्वतः खाली का नाही उतरला? म्हणाला, "त्याला उतरता येत नव्हतं सर, पोट मोठं आहे त्याचं."

निदान हायड्रोजन सल्फाइड आधी वास तरी देतो. नायट्रोजन तेवढंही करत नाही. २१ ऑगस्ट २०२५ ला दुपारी तारापूर-बोईसरच्या वसाहतीतल्या एका औषध कंपनीत नायट्रोजनची गळती होऊन चार कामगार दगावले. बातमी वाचून एका शेजाऱ्याने मला विचारलं, मास्तर, नायट्रोजन तर हवेतच असतो ना, शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग? मग तो विषारी कसा?

तो विषारी नाहीच. तो फक्त जागा अडवतो. हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की जागा धोक्याची धरतात. १० च्या आसपास माणूस बेशुद्ध पडतो, ६ च्या खाली काही मिनिटांचा खेळ उरतो. पण खरी फसगत पुढे आहे. श्वास कोंडला की आपण कासावीस होतो, ते प्राणवायू कमी पडल्यामुळे होतं असं आपण धरून चालतो. शरीर मुख्यतः मोजतं ते साठत चाललेला कार्बन डायऑक्साइड. नायट्रोजनने भरलेल्या भांड्यात माणूस आत-बाहेर श्वास नेहमीसारखाच घेत असतो, कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा बाहेर पडत असतो, त्यामुळे कासावीस होणं नाही, खोकला नाही, डोळ्यांत पाणी नाही. थोडं हलकं वाटतं आणि पाय जातात. औषध आणि रसायन कारखान्यांत नायट्रोजन सगळीकडे लागतो, कारण ज्वालाग्राही द्रावकाच्या डोक्यावरची हवा घालवून स्फोट टाळायचा असतो. स्फोट टाळणारा वायू म्हणून तो "सेफ्टी"च्या खात्यात धरला जातो, आणि रिअ‍ॅक्टरच्या मॅनहोलमध्ये डोकं घालणाऱ्या हेल्परला तो सेफच वाटतो.

तोंडावर काळा रबरी मास्क आणि त्याला डबी लावलेली असली तरी इथे उपयोग शून्य. डबीतला कोळसा काही वाफा शोषतो, प्राणवायू तयार करत नाही. बंदिस्त जागेत बाहेरून नळीने किंवा पाठीवरच्या सिलिंडरने हवा मिळाली पाहिजे, आणि उतरण्याआधी हवा मीटरने मोजलेली पाहिजे. कापडी रुमाल आणि निळा कागदी मास्क तर वाफेला चाळणीसारखे. मी हे सांगतो तेव्हा पोरं हसतात. "सर, मीटर स्टोअरमध्ये कुलपात असतो."

आता तिसरी तऱ्हा, आणि माझ्या मते हिच्याइतकी घातकी दुसरी नाही. कामगार म्हणतात "गॅस लागला". कुठला गॅस, हे महत्त्वाचं. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा पाण्यात झटकन विरघळतात. डोळे, नाक, घसा ओलेच असतात, तिथेच त्या मुरतात आणि आग होते. माणूस पळतो. म्हणजे त्या वरच्या दारातच गोंधळ घालतात आणि त्यामुळे बहुतेक वेळा जीव वाचतो. क्लोरिन मधला. पण नायट्रोजन डायऑक्साइड आणि फॉस्जीन पाण्यात सावकाश विरघळतात. ते नाक-घशाला फारसे न दुखवता फुप्फुसाच्या तळापर्यंत, बारीक हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतात आणि तिथे सावकाश कामाला लागतात. नायट्रेशनच्या प्लांटमध्ये नायट्रिक आम्ल तापलं, सांडलं, किंवा धातूवर पडलं की जो तांबडा-तपकिरी धूर उठतो तो हाच नायट्रोजन डायऑक्साइड. माणूस थोडा खोकतो, बाहेर येऊन पाणी पितो, बरं वाटतं. शिफ्ट संपवून गाडी पकडतो. घरी जेवतो. आणि रात्री दोन-तीनच्या सुमारास फुप्फुसांत पाणी भरायला लागतं. ते चोवीस तासांनंतरही होऊ शकतं. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरला दिसतो दम लागलेला, ओठ निळसर झालेला माणूस. दमा म्हणेल, न्यूमोनिया म्हणेल, हार्ट अटॅक म्हणेल. सकाळी अकरा वाजता प्लांटमध्ये तांबडा धूर आला होता हे बायकोला माहीत नसतं, आणि नवऱ्याला बोलता येत नसतं. म्हणून तांबडा धूर छातीत गेलेल्याला बरं वाटत असलं तरी घरी पाठवू नये, निदान एक दिवस-रात्र नजरेखाली ठेवावं. तारापूरच्या रस्त्यांवर पाट्यांना तोटा नाही. ही एक तिथे मला अजून दिसलेली नाही.

आतापर्यंत सगळं श्वासाचं झालं. पण विषाला नाकाचीच वाट लागते असं नाही. डाय आणि औषधांच्या मधल्या पायऱ्यांत अ‍ॅनिलिन, नायट्रोबेंझीन यांसारखे पदार्थ येतात. तेलकट, कडसर-गोड वासाचे. ते कातडीतून थेट रक्तात जातात. हातमोजा फाटलेला, ड्रम उपडा करताना बाहीवर सांडलं, "वाळेल" म्हणून तसाच काम करत राहिला, एवढं पुरतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदलतं आणि ते प्राणवायू उचलू शकत नाही. आधी ओठ आणि नखं निळसर-करडी होतात, डोकं दुखतं. रक्त काढलं तर चॉकलेटी दिसतं, हवेत धरलं तरी लाल होत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे लबाडी करतो: माणसाची हालत किती का वाईट असेना, आकडा ८५ च्या आसपास घुटमळतो, आणि ऑक्सिजन लावूनही हलत नाही. जाणत्या डॉक्टरला हीच खूण पुरते. मेथिलीन ब्लू नावाचं निळं औषध शिरेतून दिलं की रंग परत येतो. पण त्याआधी सांडलेले कपडे अंगावरून उतरवावे लागतात आणि अंग साबण-पाण्याने धुवावं लागतं. कपडे तसेच ठेवून नुसती सलाईन लावली तर विष आत जातच राहतं. त्या रात्री दारू घेतली तर आणखी बिघडतं, आणि पाळी सुटल्यावर बोईसर स्टेशनबाहेर काय मिळतं ते सांगायला नको.

आमच्या आळीत एक बाई होत्या, आता नाहीत. त्यांचा मुलगा एका प्लांटमध्ये सेंट्रिफ्यूजवर होता. पिवळी पावडर निघायची. बाई मला एकदा उशीची खोळ दाखवायला घेऊन आल्या: "भाऊ, किती धुतली तरी पिवळीच. हळद म्हणावी तर हळद जाते उन्हात." मुलाच्या केसांतल्या घामाने खोळ पिवळी पडत होती. त्याच्या कंपनीच्या पँटी त्या नातवाच्या दुपट्यांबरोबर एकाच बादलीत भिजवत होत्या. पाणी एक, साबण एक. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत टीएनटी भरणाऱ्या बायकांची कातडी आणि केस असेच पिवळे पडायचे; लोक त्यांना कॅनरी पक्ष्यावरून "कॅनरी गर्ल्स" म्हणायचे, थट्टेने. त्यांतल्या कित्येकींना यकृत बिघडून कावीळ झाली आणि शंभराच्या आसपास बायका गेल्या. पिवळा रंग ही थट्टेची गोष्ट नव्हती, कातडीतून किती आत गेलं याची ती पावती होती. बाईंना मी एवढंच सांगितलं की त्याला कंपनीतच अंघोळ करून, कपडे बदलून यायला सांगा, बूट दाराबाहेर, आणि कंपनीचे कपडे वेगळ्या बादलीत. त्यांनी विचारलं, "तिथे अंघोळीला पाणी देतात का?" मला माहीत नव्हतं. मुलाला विचारलं. नळ होते, पण ठेक्यावरच्यांची गाडी सुटायची वेळ पाळी संपल्यावर पंधरा मिनिटांनी.

जी विषं लगेच आडवं करतात त्यांची निदान बातमी होते. ११ जानेवारी २०२० ला बोईसरजवळच्या कोलवड्याला नायट्रेटच्या कारखान्यात स्फोट होऊन ८ जण गेले, त्याचा आवाज कित्येक गावांनी ऐकला, मंत्री आले, मदत जाहीर झाली. पण वीस वर्षांनी येणारा आजार आवाज करत नाही. १८९५ साली फ्रँकफुर्टमध्ये लुडविग रेन नावाच्या सर्जनच्या लक्षात आलं की त्याच्याकडे मूत्राशयाचा कर्करोग घेऊन येणारे काही जण एकाच प्रकारच्या, रंगाच्या कारखान्यातले आहेत. पुढे बेंझिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन ही नावं पक्की झाली. काम केल्यापासून रोग दिसेपर्यंत पंधरा-वीस, कधी तीस वर्षं जातात. पहिली खूण म्हणजे लघवीतून रक्त, आणि तेही न दुखता. न दुखणारं रक्त माणूस उन्हाळी म्हणून सोडून देतो; धण्याचं पाणी पितो, आणि दोन दिवसांत थांबलं की विसरतो. रंगाच्या प्लांटवर दहा वर्षं काढलेल्या माणसाने ते विसरू नये. तपासून घ्यावं, आणि डॉक्टरला कारखान्याबद्दल आपण होऊन सांगावं. बेंझीनचंही तसंच, ते हाडांतल्या मगजावर जातं आणि रक्ताचा कर्करोग करू शकतं. त्याचा वास गोड आणि बरा वाटतो, पण तो नाकाला कळायला लागतो तेव्हा हवेतलं प्रमाण सहसा सुरक्षित मर्यादेच्या वर गेलेलं असतं. इथेही नाक उशिराच येतं.

आणि एक विष तर खुद्द नाकच खातं. क्रोमच्या टाकीवर, प्लेटिंगच्या कामात, वाफेबरोबर क्रोमिक आम्लाचे बारीक तुषार उडतात. नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यावर ते बसतात, जखम होते, खपली धरते, आणि एक दिवस पडद्याला आरपार भोक पडतं. दुखत नाही. झोपेत श्वास घेताना शिट्टी वाजते, आणि बायको म्हणते हे नवीन काय घोरणं. कित्येकांना स्वतःला पत्ताच नसतो.

गुळाचा खडा आणि दुधाचा ग्लास हे आपल्याकडचे दोन पेटंट उतारे. कित्येक ठिकाणी पाळी सुटताना गूळ वाटतात, आणि कामगारही तो हक्काने घेतात. १९९४ साली लखनौच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून गुळामुळे फुप्फुसातले धुळीचे कण लवकर बाहेर सरकतात असं दाखवलं होतं, त्यामुळे गुळाला मी हसत नाही. पण तो प्रयोग उंदरांवर, आणि तोही धुळीचा. वायू, वाफ, कातडीतून गेलेलं द्रावक यांच्याशी गुळाचं काही देणंघेणं नाही. दुधाने शरीराला पोषण मिळतं, त्यापलीकडे टोल्युईन धुतलं जात नाही. गूळ वाटणं हे एक्झॉस्ट पंखा दुरुस्त करण्यापेक्षा स्वस्त पडतं, हे मात्र खरं.

२०१८ च्या पाहणीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरातल्या औद्योगिक क्षेत्रांना गुण दिले, त्यात तारापूर ९३.६९ गुण मिळवून सगळ्यांच्या वर आलं. परीक्षेत असे गुण मिळाले असते तर सफाळ्यात बॅनर लागले असते. तो आकडा लोक आजही तोंडावर फेकतात, आणि फेकावाच. पण तो हवा, पाणी आणि जमीन यांचा हिशेब आहे. अमुक प्लांटवरच्या अमुक माणसाच्या अंगात काय गेलं, हे तो सांगत नाही. नवापूर, मुरबे, दांडी, आलेवाडीच्या मच्छीमारांनी सांडपाण्याच्या पाइपलाइनविरुद्ध आवाज उठवला, २०१६ मध्ये त्यांच्या मांगेला समाजाची परिषद हरित लवादाकडे गेली. तो लढा समुद्राचा, मासळीचा आणि पोटाचा होता. कारखान्याच्या आतल्या माणसाचं विष कोण मोजतं, हा प्रश्न तसाच राहिला.

ते मोजता येतं हे दाखवणारं उदाहरण आमच्याच तालुक्यात आहे, आणि म्हणून ते जास्त टोचतं. बोईसरहून पश्चिमेला गेलं की समुद्राच्या काठावर अणुवीज केंद्र. १९६९ पासून चालू, देशातलं पहिलं. सफाळ्यात लहानपणी आम्हाला भीती घालायची ती त्याचीच: "फुटलं तर आपण उरणार नाही." आजही पाहुणे विचारतात, अणुभट्टीजवळ राहता, भीती नाही वाटत? त्या भट्टीत काम करणाऱ्याच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. त्याच्या अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते तो बिल्ला धरून ठेवतो. तो ठरावीक काळाने वाचतात, आकडा त्या माणसाच्या नावावर लिहितात, आणि त्याच्या आयुष्यभराचा हिशेब राहतो. पाच वर्षांत सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही, ही मर्यादा. मर्यादेजवळ आला की त्याला त्या कामावरून काढतात. भट्टीबद्दलचे माझे इतर प्रश्न कायम आहेत, अक्करपट्टी-पोफरणच्या विस्थापितांचे तर आहेतच. पण विष दिसत नाही, वास येत नाही, म्हणून ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं, एवढी साधी गोष्ट तिथे रुजली आहे.

तिथून काही किलोमीटरवर एमआयडीसीतला हेल्पर. आज सॉल्व्हंटवर, उद्या आम्लावर, परवा दुसऱ्या ठेकेदाराकडून दुसऱ्याच कंपनीत पावडर भरायला. त्याच्या छातीवर बिल्ला सोडा, खिशात कार्डही बऱ्याचदा ठेकेदाराचं असतं. पन्नाशीत त्याला मूत्राशयाचा रोग झाला तर कुठल्या वर्षी, कुठल्या प्लांटवर, कशाशी गाठ पडली होती हे त्याचं त्यालाच आठवत नाही.

बर्नार्दिनो रामाझ्झिनी हा इटलीतला वैद्य. १७०० साली त्याने कारागिरांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं: कुंभार, पाथरवट, संडास साफ करणारे. त्यात त्याने वैद्यांना एक सूचना केली. रोग्याला जे प्रश्न विचारता त्यांत आणखी एक घाला: तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षं झाली. आपल्या गावातल्या दवाखान्यात किती दिवस ताप, जेवण जातं का, शुगर आहे का, हे सगळं विचारतात. काम विचारलं तर "कंपनीत" या उत्तरावर दोन्ही बाजू समाधानी. डॉक्टरला दोष देण्यात अर्थ नाही, बाहेर पन्नास पेशंट बसलेले असतात. पण कंपनीत म्हणजे काहीच नाही. तो सेंट्रिफ्यूजवर आहे की बॉयलरवर, कुठल्या पदार्थावर, हे कळलं तर खोकल्याचा अर्थ बदलतो.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण घातलं गेलं. कामगाराला कुठल्या पदार्थापासून काय धोका आहे हे सांगणं मालकाला बंधनकारक झालं, आणि आपल्या आरोग्यतपासणीची नोंद पाहायचा हक्क कामगाराला मिळाला. शिवाय त्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ व्यवसायजन्य रोग होते. त्यांतला एखादा आढळला तर डॉक्टरने सरकारला कळवायचं असायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही रोग कळवण्याची जबाबदारी आहे. हे रोग कळवायचे असतात, हे मला स्वतःला शिकवणं संपल्यावर कळलं.

नुसतं कारखान्यालाच बोलून चालणार नाही. आमच्या वाड्यांत भाजी, पानवेली, आंबा-चिकू, सगळीकडे फवारणी आहे. त्यात ऑर्गॅनोफॉस्फेट घराण्यातली औषधं; २०२० अखेर बंदी येईपर्यंत डायक्लोरव्हॉसही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. ही विषंही कातडीतून जातात. घाम, लाळ, डोळ्यांत पाणी, आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. त्या बाहुलीवरूनच डॉक्टर ओळखतो आणि अ‍ॅट्रोपिन देतो, फक्त कुठलं औषध होतं हे कळायला बाटली बरोबर न्यावी लागते. आणि बाटली सहसा नसते, कारण ती धुऊन तिच्यात रॉकेल भरलेलं असतं. मी स्वतः असं भरलेलं आहे, नाही म्हणत नाही.

कॉलर धरून वाचलेल्या त्या पोराला मी एक शंभर पानी वही दिली. रोज लिही म्हटलं: तारीख, कुठली कंपनी, कुठला प्लांट, ड्रमवर काय लिहिलंय. ड्रम वाचता येत नसेल तर फोटो काढ. प्रत्येक रसायनाची सेफ्टी डेटा शीट असते, सोळा भागांची, चौथ्या भागात प्रथमोपचार, आठव्यात मोजे-मास्क कुठले ते, ती माग. मागितली तर सुपरवायझर काय म्हणेल हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग फोटोच.

दोन महिन्यांनी रविवारी तो आला, वहीची अकरा पानं भरली होती. मध्ये खाडे होते. ड्रमच्या लेबलचे फोटो मोबाइलमध्ये. एका फोटोत लेबल घासून गेलेलं, नाव वाचताच येत नव्हतं, कवटीचं चित्र अर्धं फाटलेलं. मी चष्मा लावून फोटो मोठा केला. खाली कोपऱ्यात बारीक आकडे शाबूत होते: ६२-५३-३. जगातल्या प्रत्येक रसायनाला असा एक नोंदणी क्रमांक असतो, नाव कुठल्याही भाषेत असो. मी जुनं पुस्तक काढून जुळवलं.

"अ‍ॅनिलिन," मी म्हटलं. "हात दाखव."

त्याने दोन्ही हात पुढे केले. मी त्याची नखं खिडकीच्या उजेडात धरून बघितली.